पहिला स्मार्टफोन: दुकानात जाण्याआधी, दुकानात आणि घरी आल्यावर

मागच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात आमच्या आबांनी फोन घेतला. खानदेशात, अमळनेर तालुक्यातलं गाव. चांगल्या दराची वाट बघत घरात ठेवलेला कापूस शेवटी विकला गेला होता आणि नातीचा हट्ट होता, त्यामुळे बेत ठरायला वेळ लागला नाही. दुकानातल्या पोऱ्याने खोकं फोडलं, सिम टाकलं, जीमेल काढलं, व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं, वर दहा-बारा भजनंही भरून दिली. आबा काही विचारायला लागले तर म्हणाला, "कसाले टेन्शन लेतस आबा, मी शे ना!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो फोन विहिरीत पडला. आबा वाकून मोटारीचा पाइप बघत होते आणि फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. दुसरा फोन आणला, तर त्याने जीमेलचा पासवर्ड मागितला. तो आबांना कधी कोणी सांगितलाच नव्हता. पासवर्ड विसरला तर ज्या नंबरवर कोड येतो, तो नंबर त्या पोऱ्याचा, आणि पोऱ्या तोवर नोकरी सोडून पुण्याला गेलेला. तीनशेवर नंबर आणि नातीच्या जावळाचे फोटो गेले ते गेलेच. डुप्लिकेट सिम काढायला गेलो तर कळलं, सिम पुतण्याच्या नावावर आहे आणि पुतण्या सुरतेला लूमवर. तो दिवाळीला येईपर्यंत आबांच्या नंबरवर ओटीपी येणं बंद, म्हणून किसान सन्मानची केवायसी अडली.

तेव्हापासून फोन घेण्याआधी कोणी विचारायला आलं की कोणता घ्यायचा हे मी नंतर सांगतो. आधी विचारतो: सिम कोणाच्या नावावर घेणार, आणि जीमेलचा पासवर्ड कोणाला माहीत असणार? या दोन्हींची उत्तरं 'मीच' अशी येईपर्यंत दुकानाची पायरी चढू नका.

आधी वावरात, मग दुकानात

फोनच्या आधी सिमची कंपनी ठरवा, आणि कंपनी ठरवा ती रेंजवरून. जळगावच्या चौकात कोणाची रेंज भारी आहे याला तुमच्या लेखी काही किंमत नाही. तुम्ही दिवसातले दहा तास जिथे असता तिथे बघायचं: घर, वावर, दुकान, कॉलेज, रोजचा रस्ता. तिथे उभं राहून शेजाऱ्याचा जिओ, मावसभावाचा एअरटेल, गुरुजींचा बीएसएनएल, कोणाचा व्हीआय असेल तर तो, असे मिळतील ते फोन हातात घ्या. एक फोन लावून बघा, एक व्हिडिओ चालवून बघा. मग संध्याकाळी सात ते नऊच्या मध्ये पुन्हा तेच करा, कारण त्या वेळी सगळं गाव मोबाईलवर असतं आणि दुपारी धावणारा टॉवर तेव्हा लंगडतो. कंपन्यांच्या साईटवर कव्हरेजचा नकाशा असतो, तो बघायला हरकत नाही. पण तुमच्या घराला पत्रे आहेत हे नकाशाला ठाऊक नसतं, आणि पत्रा रेंज अडवतो.

इथे थोडं विज्ञान कामाचं आहे. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांबवर जाते आणि भिंतीतून आत शिरते. जास्त फ्रिक्वेन्सीची लहर वेग देते, पण टॉवरच्या आसपासच विरते. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ हे लांब पल्ल्याचे; २३०० आणि ३५०० हे जवळचे, वेगाचे. फोनच्या माहितीपत्रकात यांना बँड म्हणतात आणि त्यांचे क्रमांक वेगळे असतात: ७०० म्हणजे बँड २८, ८५० म्हणजे ५, ९०० म्हणजे ८, १८०० म्हणजे ३, २१०० म्हणजे १ आणि २३०० म्हणजे ४०. शहरात राहणाऱ्याने हे विसरलं तरी चालेल. पण धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या बाजूला किंवा सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्याने फोनमध्ये २८, ५ आणि ८ हे तिन्ही आहेत ना, हे बघूनच पैसे मोजावेत. बीएसएनएलची स्वदेशी फोरजी सेवा २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झाल्याचं जाहीर झालं, ती मुख्यतः बँड २८ आणि १ वर चालते. जुन्या फोनमध्ये २८ नसला की माणूस बीएसएनएलला शिव्या देतो आणि दोष असतो फोनचा.

आणखी एक. जिओचं टूजी नाहीच. फोन फोरजी किंवा फाइव्हजीवरूनच लागतो, त्यासाठी फोनमध्ये व्होल्टीई (फोरजीवरून बोलण्याची सोय) लागतं आणि ते चालू असावं लागतं. जुना टूजी डबडा फोन दुसरा म्हणून ठेवायचा असेल तर त्यात जिओचं सिम टाकून उपयोग नाही.

नवापूरकरांसाठी वेगळी ओळ. तुमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तुमच्या फोनचंही तसंच होतं. आजकालच्या अनलिमिटेड पॅकमध्ये देशभराचं रोमिंग धरलेलं असतं, त्यामुळे गुजरातचा टॉवर पकडला तरी पैसे कटत नाहीत. पण फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारत राहिला तर बॅटरी संपते. सेटिंगमध्ये नेटवर्क 'ऑटोमॅटिक'वरून काढून हाताने निवडलं की तो शांत बसतो.

काय बघायचं

आपल्याकडच्या माणसाने फोन घेताना पहिली गोष्ट बघावी ती ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि अ‍ॅपलसारखी कंपनी आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश हवा योग्य असं लिहून ठेवते. म्हणजे आपला सबंध उन्हाळा कंपनीच्या हिशोबाबाहेरचा. फोन तापला की तो आपणहून मंद होतो, स्क्रीन अंधूक करतो, चार्जिंग थांबवतो. हा बिघाड नाही, तो स्वतःला वाचवतोय. फार तापणारा फोन बॅटरीचं आयुष्य मात्र खातो. म्हणून दुकानात फोन हातात घेऊन पाच-सात मिनिटं कॅमेऱ्याने व्हिडिओ काढा आणि पाठीला हात लावून बघा. दुचाकीच्या हँडलवर क्लॅम्पमध्ये फोन लावून पारोळ्याहून धुळ्याला दुपारी जाऊ नका. चार्जिंगला लावून गादीवर किंवा उशीखाली ठेवू नका.

उन्हाचा दुसरा भाग म्हणजे स्क्रीन. ई-पीक पाहणी, म्हणजे अ‍ॅपवरून पिकाची सरकारी नोंद, वावरात उभं राहून करायची असते. भर दुपारी स्क्रीनवर काहीच दिसलं नाही तर पिकाचा फोटो काढणार कसा? स्क्रीनचा उजेड 'निट' या मापात मोजतात. ४००-५०० निटचा फोन उन्हात आरसा होतो. हजाराच्या वर असेल तर बरा. पण आकड्यावर विसंबू नका. दुकानदाराला म्हणा, "भाऊ, जरा बाहेर उन्हात नेऊन बघतो." जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये काय, धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, एका दुकानाशेजारी दुसरं दुकान आहे.

बाकीचं भरभर सांगतो. रॅम खरी सहा जीबी असावी. खोक्यावर '१२ जीबी' लिहून खाली बारीक अक्षरात '६ अधिक ६' लिहितात, त्यातली दुसरी सहा ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते आणि उसन्याने घर चालत नाही. स्टोरेज १२८ जीबी, कारण सकाळच्या 'शुभ प्रभात'चे फोटो एकटेच वर्षाला किती जागा खातात हे ज्याच्या घरी भावकीचे पाच ग्रुप आहेत त्याला माहीत आहे. बॅटरी पाच हजार एमएएच, लोडशेडिंगच्या गावात त्याहून जास्त. कॅमेऱ्यांची संख्या मोजू नका. स्वस्त फोनच्या पाठीवरचे दोन मेगापिक्सेलचे जादा कॅमेरे निव्वळ शोभेचे असतात. फाइव्हजी हवं का? गावात फाइव्हजी पोचलं असेल किंवा फोन चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर घ्या. नाहीतर त्याच पैशात फोरजीचा चांगल्या स्क्रीनचा फोन मिळत असेल तर त्याची लाज वाटायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र जवळपास कोणीच विचारत नाही: सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? चोर रोज नवी फट शोधतात, कंपनी अपडेट देऊन ती बुजवते. अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवणं म्हणजे कडी नसलेल्या खोलीत सोनं ठेवणं. काही कंपन्या स्वस्त फोनला दोन-तीन वर्षांत सोडून देतात. सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ फाइव्हजीसारख्या मध्यम फोनलाही सहा वर्षांचं आश्वासन दिलं आहे, गुगल आपल्या पिक्सेल ८ पासूनच्या फोनना सात वर्षांचं देते. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दीड वर्षापूर्वीचा मॉडेल सवलतीत मिळत असेल तर ती दीड वर्षं वजा करून किंमत ठरवा.

दुकानात

पक्कं बिल घ्या. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे आणि "बिल नको असेल तर एवढे कमी करतो" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. त्या कमी केलेल्या पैशांत वॉरंटी जाते आणि फोन चोरीला गेला तर तो तुमचा होता हे दाखवायला कागद उरत नाही. बिलावर आयएमईआय हा १५ आकडी नंबर लिहिलेला हवा. फोनवर *#०६# दाबा, स्क्रीनवर येणारा नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून बघा. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात.

जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी एक एसएमएस करा: इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो १५ आकडी नंबर, आणि पाठवा १४४२२ वर. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक असेल किंवा नंबर बनावट असेल तर उत्तरात कळतं. शिवाय विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं गुगल खातं काढायला लावा, मगच फोन रिसेट करा. उलट्या क्रमाने केलंत तर रिसेट झाल्यावर फोन त्याच्याच खात्याचा पासवर्ड मागत बसेल.

हप्त्यांवर घ्यायचा असेल तर 'नो कॉस्ट' शब्दावर भाळू नका, प्रोसेसिंग फी किती आणि रोखीने तोच फोन केवढ्याला, एवढं विचारा. काही फायनान्सवाले फोनमध्ये एक अ‍ॅप टाकतात, हप्ता चुकला की फोन कुलूपबंद होतो. ते टाकणार का, आणि शेवटच्या हप्त्यानंतर काढून देणार का, हे कागदावर लिहून घ्या. शेतीच्या माणसाचे पैसे महिन्याच्या पाच तारखेला येत नाहीत, म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा.

आता जीमेल. दुकानदार फोन सुरू करून देतो ही त्याची माणुसकी असते, बहुतेक वेळा त्यात खोट नसते. पण गुगल खातं हीच फोनची खरी चावी आहे. फोटो, नंबर, अ‍ॅप, हरवलेला फोन शोधणं, सगळं त्यावर चालतं. म्हणून त्याला नम्रपणे सांगा, "राहू द्या, घरी मुलगी करेल." दुकानातच करायचं असेल तर पासवर्ड तुम्ही ठरवा, तुमच्या बोटांनी टाइप करा आणि परत मिळवण्याचा नंबर तुमचाच टाका. नाव अधिक जन्मसाल असा पासवर्ड नको. त्या दुकानात पाठ असलेले असे पन्नास पासवर्ड असतात. घरातल्या तीन-चार शब्दांची मोळी बांधा, तुम्हालाच सुचेल अशी.

दुकानदार ब्लूटूथ किंवा शेअरिंग अ‍ॅपने अ‍ॅप 'भरून' देत असेल तर तेही नको म्हणा. अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच.

सिम आणि अंगठा

आपल्या भागाला आधारच्या विषयात एक मान आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात मोबाईल नंबर आधारशी जोडण्याची सक्ती रद्द झाली. तरी सिम घेताना काउंटरवर बहुतेक वेळा आधारचा अंगठाच मागतात, कारण त्याने काम झटपट होतं. अंगठा द्यायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून.

फसवणूक होते ती अशी. तुम्ही अंगठा ठेवता, तो म्हणतो, "घेतला नाही भाऊ, परत ठेवा." परत ठेवता. पहिल्या अंगठ्यावर तुमचं सिम निघालं, दुसऱ्यावर तुमच्या नावाचं आणखी एक, जे तुम्हाला दिसत नाही. ते सिम पुढे फसवणूक करणाऱ्यांकडे जातं आणि पोलीस तुमचं दार ठोठावतात. वावरात राबणाऱ्या माणसाचे ठसे खरोखरच झिजलेले असतात, यंत्र खरोखरच घेत नाही, म्हणून ही थाप पचते. ठसा नाही घेतला तर स्क्रीन दाखवायला सांगा. काम नुसतंच अडून बसलं तर कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये जा.

घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी दूरसंचार विभागाच्या संचार साथी साईटवर जा. १६ मे २०२३ ला ती सुरू झाली, मराठी येणाऱ्याला कळेल इतकी सोपी आहे. तुमचा नंबर टाका, ओटीपी टाका, तुमच्या नावावर किती सिम आहेत त्याची यादी येते. ओळखीचं नसेल त्यासमोर 'हा माझा नंबर नाही' निवडा. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम चालतात. याच संचार साथीचं अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्या असा आदेश सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरअखेर कंपन्यांना दिला होता, त्यावर खासगीपणाचं काय म्हणून बोंब उठली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सक्ती मागे घेतली गेली. मला विचाराल तर साईट उपयोगाची आहे, वापरावी. अ‍ॅप टाकायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, आणि ठरवता आलं पाहिजे.

सिम दुसऱ्याच्या नावावर असेल तर आजच बदला. दोघांनी ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या स्टोअरमध्ये जायचं आणि मालकी बदलून घ्यायची. पुतण्या, जावई, जुना शेठ कोणीही असो. लाडक्या बहिणीची केवायसी असो की बँकेचा ओटीपी, सगळं त्या नंबरवर येतं.

रिचार्ज, पोर्ट आणि नकोसे फोन

महिन्याचा म्हणून सांगितलेला पॅक २८ दिवसांचा असतो. २८ ला १३ ने गुणलं की ३६४ होतात, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांचाही पॅक ठेवायला लावलं, पण तो तुम्हाला आपणहून कोणी दाखवणार नाही. घरच्या वायफायवर असणाऱ्यांनी किंवा आईच्या साध्या फोनसाठी, फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक विचारा. डेटा न घेता असे पॅक द्यावेत असं ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये बंधनकारक केलं आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. अ‍ॅपमध्ये ते शोधायला खाली, फार खाली जावं लागतं.

सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊन नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो. ऊसतोडीला किंवा सुरतेला गेलेल्यांनी गावाकडचं सिम ट्रंकेत टाकून ठेवू नये. त्याच नंबरवर बँक असेल तर पुढचा मालक तुमचे मेसेज वाचेल.

कंपनी पटली नाही तर नंबर तोच ठेवून बदला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट लिहा, जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर, पाठवा १९०० वर. आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्या भागात तो चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीकडे जा. महाराष्ट्र सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस लागतात, गुजरातसारख्या दुसऱ्या सर्कलमध्ये जाताना पाच. कोड मिळायला त्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि नुकतंच सिम बदललेलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. हा सात दिवसांचा नियम १ जुलै २०२४ पासूनचा, तुमचं सिम लाटून कोणी लगेच पोर्ट करू नये म्हणून. स्वस्त पॅकवर एसएमएस नाहीत असं कारण जुनी कंपनी सांगू शकत नाही, १९०० चा मेसेज कोणत्याही प्रीपेडवरून गेला पाहिजे. पोर्ट झाल्यावर जुना शिल्लक रिचार्ज बुडतो, म्हणून पॅक संपायच्या दोन-तीन दिवस आधी काम सुरू करा. कोड घेतला की जुन्या कंपनीचे गोड फोन येतात, काही वेळा खरंच चांगली सवलत देतात. रेंजच नसेल तर सवलत काय चाटायची?

प्लॉट घ्या, लोन घ्या अशा फोनांचा वैताग असेल तर १९०९ ला फोन लावून किंवा एसएमएसने डीएनडी (नकोसे फोन अडवण्याची सोय) सुरू करा. त्याने नोंदणीकृत जाहिरातवाले थांबतात, लबाड थांबत नाहीत. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा आणि १६०० ने सुरू होणारा बँकेसारख्या संस्थांचा, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे फोन उचलावे लागत नाहीत.

घरी आल्यावर पहिला तास

स्क्रीनला सहा आकडी पिन लावा. मग सिमलाही पिन लावा, हे मात्र शंभरात दोघेही करत नसतील. फोन चोरणाऱ्याला तुमचा स्क्रीन पिन नको असतो. तो सिम काढून आपल्या फोनमध्ये टाकतो आणि ओटीपी तिकडे घेतो. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत 'सिम लॉक' सापडतं. कंपनीचा मूळ पिन कस्टमर केअरला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका, तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि पीयूके नंबर (अडकलेलं सिम उघडायचा कंपनीचा नंबर) मागतं.

नंतर परवानग्या. अ‍ॅप उघडताच ते लोकेशन, कॅमेरा, नंबर मागतं. ई-पीक पाहणीला लोकेशन आणि कॅमेरा हवाच, वावर कुठलं ते त्याशिवाय कळणार नाही. तिथे 'अ‍ॅप वापरताना' हा पर्याय निवडा. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे नंबर कशाला? नाही म्हणा. अँड्रॉइड १२ पासून कोणी कॅमेरा किंवा माईक वापरत असेल तर कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, आणि सेटिंगमधल्या प्रायव्हसी डॅशबोर्डवर चोवीस तासांत कोणी काय वापरलं ते दिसतं. नव्या फोनच्या लॉक स्क्रीनवर जाहिराती आणि बातम्या येत असतील तर त्याही सेटिंगमधून बंद होतात. आधीच भरलेली खेळांची आणि खरेदीची अ‍ॅप काढता येत नसतील तर 'डिसेबल' करा.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने नंबरांची यादी मागितली तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यांना तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल आणि फोटो बघता येत नाहीत. मागतोय तो नियमातला नाही. आणि हप्ता चुकल्यावर तो तुम्हाला नाही, तुमच्या व्याह्यांना फोन करतो.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, 'लिंक्ड डिव्हाइस'मध्ये अनोळखी काही असेल तर काढा, ग्रुपमध्ये कोणी टाकू शकेल ते 'माझे कॉन्टॅक्ट' एवढंच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा थांबून. गावच्या ग्रुपवर एक फाइल येते. नाव असतं पीएम किसान, किंवा आरटीओ चलान, किंवा लग्नपत्रिका, आणि शेवटी ठिपका देऊन इंग्रजीत एपीके. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. एपीके म्हणजे अ‍ॅप. ती टाकली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, बँकेचे ओटीपी गुपचूप पुढे पाठवते, आणि तुमच्या ग्रुपवर स्वतःला पसरवते. सेटिंगमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करणे' शोधा, व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम दोन्हींसमोर बंद करा. कापूस विक्रीची नोंदणी कपास किसान अ‍ॅपवर करायची असो की आणखी काही, प्ले स्टोअरमध्ये जाऊन, कोणी बनवलंय ते नाव वाचून घ्या.

नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना बँकेत ज्याचा नंबर दिलाय ते सिम त्याच फोनमध्ये हवं, कारण तिथूनच एसएमएस जातो. पहिला एक दिवस रकमेची मर्यादा कमी असते, घाबरू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आमच्या मावशीला एकाने "जुना सोफा घेतो, पैसे यायला पिन टाका" म्हणून गाठलं होतं. मावशी म्हणाली, "घेवाले पिन कसाले लागस?" आणि फोन ठेवला. शाळेत ती चौथीपर्यंतच गेली होती.

आवाजाने टाइप करायची सोय लावून घ्या, वयस्कर माणसांना ती फार मानवते. मराठी निवडून अहिराणीत बोललात तर काय उमटतं ते मात्र एकदा बघाच, घरात हशा होतो.

फोन गेला तर

दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला फोन करून सिम बंद करा, बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० ला तिथल्या तिथे फोन लावा; पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत घ्या. त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढा. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत, तो नियमच आहे, दुकानदाराशी भांडू नका. मग संचार साथीवर बिल, तक्रारीची प्रत आणि आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा. सापडला तर तिथूनच उघडता येतो.

या सगळ्याला एक कागद लागतो. त्यावर आयएमईआयचे दोन्ही नंबर, जीमेलचा पत्ता, सिम कोणाच्या नावावर, सिमचा पीयूके, बँकेचा हेल्पलाइन नंबर. पासवर्ड लिहायचा असेल तर घरात लिहा, फोनच्या कव्हरमध्ये नाही. यूपीआयचा पिन कुठेच नाही. आबांचा कागद त्यांनी सातबारा आणि पासबुकाच्या पिशवीत ठेवला आहे. पुतण्या दिवाळीला आला तेव्हा आम्ही तिघं स्टोअरमध्ये जाऊन आलो, सिम आता त्यांच्या नावावर आहे. फोन मात्र अजून सदऱ्याच्या वरच्याच खिशात असतो.